भिंत म्हणवणाऱ्या भाडेकरूस

प्रति,
कै. इंटरनेट एक्स्प्लोरर,
मुक्काम : सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, विंडोज.

विषय : जागा रिकामी करण्याबाबत, पुन्हा एकदा.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या नावाआधी ‘कै.’ लिहिताना पेन जरा अडखळलं. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्याला निवृत्त केलं, हे खरं. पुढच्या वर्षी, नेमक्या १४ फेब्रुवारीला, विंडोज १० वरची आपली खिडकी कायमची बंद करणारं अपडेटही आलं. पण जुलै २०२४ मध्ये उघड झालं, की एका साध्या शॉर्टकट फाइलच्या आडून चोरटे आपल्याला हाक मारत होते आणि आपण विंडोज ११ वरसुद्धा लगबगीने उठून त्यांना दार उघडत होता. हा प्रकार वर्षभराहून अधिक काळ चालू होता म्हणे. निवृत्तीनंतरही इतक्या तत्परतेने कामावर हजर होणारा कर्मचारी आमच्या कुठल्याच कचेरीत पाहण्यात नाही. तेव्हा श्रद्धांजली राहू द्या. हे स्मरणपत्र समजा.

आपण आलात ऑगस्ट १९९५ मध्ये. तेव्हा आपण विंडोज ९५ मध्ये नव्हताच, ‘प्लस!’ नावाचं वेगळं पाकीट पैसे देऊन घेतलं तर त्यात आपण सापडत होता. मूळ मालही आपला नव्हता. इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या मोझॅक ब्राउझरवरून स्पायग्लास नावाच्या कंपनीने जे बेतलं होतं, ते आपल्या मालकांनी परवान्यावर घेतलं. आपल्यापासून जी कमाई होईल तीत स्पायग्लासचा वाटा ठरला होता. मग मालकांनी आपल्याला फुकट वाटायला सुरुवात केली. शून्यातला वाटा किती होतो, हे गणित स्पायग्लासला जरा उशिरा सुटलं. १९९७ मध्ये ८० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं.

इथवर ठीक होतं. धंद्यात असं चालतं. खरी गंमत पुढे आहे.

मुंबईच्या चाळींत पागडीच्या खोलीत ठाण मांडून बसलेले भाडेकरू आम्ही पुष्कळ पाहिले. मालकाने खोली मागितली की कुणी आजारपण काढतो, कुणी कोर्टाकडून पुढची तारीख घेतो. पण ‘मी भाडेकरू नाहीच, मी या इमारतीची भिंत आहे, मला हलवलंत तर वरचे मजले खाली येतील,’ असं कोर्टात छातीठोकपणे सांगितलं गेलं ते फक्त आपल्याबद्दल.

डिसेंबर १९९७ आठवतो का? न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी हुकूम दिला, की विंडोज हवं असलेल्या संगणक कंपन्यांच्या गळ्यात एक्स्प्लोरर मारू नका. आपल्या मालकांनी हुकूम शिरसावंद्य मानला आणि कंपन्यांपुढे पर्याय ठेवले : एक जुनं विंडोज घ्या, किंवा एक्स्प्लोररच्या सगळ्या फाइली काढलेलं विंडोज घ्या, जे सुरूच होत नाही. निवड अगदी मोकळी! न्यायाधीशांनी मग एक कोरा संगणक मागवला आणि ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मधून आपल्याला काढून पाहायला सांगितलं. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. विंडोज मजेत चालू होतं.

यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? मालकांनी जे केलं तेच. विंडोज ९८ मध्ये ‘ॲड/रिमूव्ह’च्या यादीतून आपलं नावच गाळलं. काढण्याचं बटणच नसलं की काढता येतं की नाही हा वाद उरत नाही.

पुढे खटला मोठा झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी आपल्याला विंडोज ९८ मधून दूर करणारा छोटा प्रोग्रॅमच लिहून आणला. फेब्रुवारी १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बडे अधिकारी जिम ऑलचिन एक चित्रफीत घेऊन साक्षीला उभे राहिले. फेल्टनचा प्रोग्रॅम चालवला की विंडोज कसं मंदावतं, हे तीत दिसत होतं. सरकारी वकील डेव्हिड बॉइस यांनी ती फीत थांबवून एका खिडकीच्या माथ्यावरची अक्षरं वाचायला लावली. ज्या संगणकावर फेल्टनचा प्रोग्रॅम चालवलाय असं सांगितलं जात होतं, तिथे तो चाललाच नसल्याची खूण त्या अक्षरांत होती. सलग एका यंत्रावरचं म्हणून दाखवलेलं चित्रीकरण वेगवेगळ्या यंत्रांवर झालं होतं, हेही मग कबूल करावं लागलं.

२८ जून २००१ ला अपील कोर्टाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा जॅक्सन यांचा आदेश रद्द केला. आपल्याकडे पेढे वाटले असतील. पण त्याच निकालात कोर्टाने आणखी गोष्टींबरोबर या दोनही बेकायदा ठरवल्या. एक म्हणजे काढायच्या यादीतून आपलं नाव गाळणं. आणि दुसरी, आपला कोड विंडोजच्या कोडमध्ये असा कालवणं, की आपल्या फाइली काढल्या तर विंडोज आजारी पडावं. म्हणजे भिंत मुळात नव्हती, नंतर चुना-विटा आणून उभी केली होती. शिक्षा काय झाली? २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर आपलं चित्र लपवण्याची सोय आली. भाडेकरू खोलीतच, दारावरची पाटी तेवढी उतरवली.

हट्टाने आपल्याला काढायला निघालेल्यांचे हाल तर बघण्यासारखे असत. प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन कुणी आपली मुख्य फाइल डिलीट करी. काही क्षणांत ती जागच्या जागी परत. एक्सपीचं फाइल-संरक्षण गुपचूप ठेवलेली प्रत काढून पुन्हा मांडून ठेवत असे. डेस्कटॉपवरचा निळा ‘ई’ घालवला, तरी माय कॉम्प्युटरच्या वरच्या पट्टीत वेबचा पत्ता टाइप केला की तीच खिडकी आपलं रूप घेऊन समोर. हाच पहारा मालकांनी चोरांवर ठेवला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता चोरांकडे येतो. एकटे राहिला असता तरी चाललं असतं हो; पण आपण पोटभाडेकरू ठेवले!

१९९६ मध्ये आपण ॲक्टिव्हएक्स आणलं. एखाद्या वेबपानाने प्रोग्रॅम पाठवायचा, आपण विचारायचं ‘चालवू का?’, आणि माणसाने ‘येस’ म्हटलं की तो प्रोग्रॅम संगणकावर वाट्टेल ते करायला मोकळा. सोबत सहीचं प्रमाणपत्र असे. पाहुण्याचं नाव काय, एवढंच त्यावरून कळायचं. त्याच्या पिशवीत काय आहे ते नाही. मग १९९७ च्या आवृत्तीत आपण ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ नावाचे मदतनीस आणले. आपण उठलात की तेही आपोआप उठायचे, आणि कुठलं पान उघडलं, काय टाइप केलं, हे सगळं त्यांना दिसायचं. कोण कोण मदतनीस येऊन राहिलेत याची यादी संगणक वापरणाऱ्याला दाखवावी, हे सुचायला ऑगस्ट २००४ उजाडला. त्यात एक्सपी घरी बसवलं की घरातला प्रत्येक जण जन्मतःच ॲडमिनिस्ट्रेटर. म्हणजे आत शिरलेल्यालाही सगळ्या किल्ल्या हातात.

मग काय, धर्मशाळाच झाली. जांभळा गोरिला पडद्यावर नाचत गप्पा मारू लागला. एकाखाली एक टूलबार येऊन बसले, इतके की वाचायचं पान तळाला चार ओळींत उरावं. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, काढायचा असेल तर पैसे भरा,’ असं सांगणारे स्पायशेरिफ आणि विनफिक्सर आले; व्हायरस ते स्वतःच. आणि २००३ मध्ये या सगळ्यांचे दादा आले : कूलवेबसर्च. होमपेज बदलायचं, शोध आपल्या दुकानात वळवायचा, होस्ट्स फाइलमध्ये खाडाखोड करायची, आणि एक अवतार असा, की होमपेज कोरं आहे असं दाखवून त्या कोऱ्या पानावरच जाहिराती छापायच्या. होमपेज पूर्ववत केलं, की संगणक पुन्हा सुरू होईतो साहेब हजर.

ही घाण निपटणाऱ्यांबद्दल आपण कधी विचार केलात? गल्लीगल्लीत ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’ नावाचा एक प्राणी असे. त्याला फोन येई : ‘अरे, पीसी फार स्लो झालाय, आणि नको ती चित्रं येतायत, घरात पाहुणे आहेत, लगेच ये.’ तो येऊन आधी नेटची वायर काढी. मग सिस्टिम रिस्टोर बंद, कारण मारलेला किडा तिथल्या जुन्या प्रतीतून परत येतो. मग एफ-८ दाबत सेफ मोड. एमएसकॉन्फिगमध्ये सुरुवातीला उठणाऱ्यांची यादी. रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नावाच्या कप्प्यात अक्षरं खालीवर करून ठेवलेली विचित्र नावं. टेम्प फोल्डर रिकामं. त्यानंतर ॲड-अवेअर, त्यानंतर स्पायबॉट, कारण एकाला सापडलेलं दुसऱ्याला सापडत नसे. आणि तरीही होमपेज हटलं नाही, तर हायजॅकदिस.

हे हायजॅकदिस नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने लिहून फुकट वाटलं. ते आपणहून काही दुरुस्त करत नसे. आपल्या पोटात कोण कोण बसलंय त्याची यादी काढून देई, आणि खूण केलेल्या ओळी तेवढ्या काढून टाकी. ‘ओ-२’ म्हणजे मदतनीस, ‘ओ-३’ म्हणजे टूलबार, ‘ओ-४’ म्हणजे सुरुवातीला उठणारे. चांगला कोण आणि चोर कोण, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. चुकीच्या ओळीवर खूण केली तर प्रिंटर तरी बंद पडायचा, नाहीतर विंडोज. काही पाहुणे तर नेटच्या जोडणीत स्वतःला असे ओवून घेत, की त्यांना उपटलं की अख्खं नेटच बंद. ते पुन्हा जोडायला आणखी एक फुकटचं साधन. कामाची वाटणी लक्षात आली ना? छिद्र पाडायला जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि बुजवायला कॉलेजातली पोरं, रात्री जागून, बिनपगारी.

शेवटी तो पोरगा कपाळावरचा घाम पुसून ते वाक्य म्हणायचा, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने ऐकलंय : ‘काका, फॉरमॅट मारायला लागेल.’ मग डी ड्राइव्हवर काय काय हलवायचं याची धावपळ. लग्नाचे फोटो, दुकानाचं टॅलीचं बॅकअप, श्रीलिपीत टाइप केलेला प्रबंध. काहीतरी राहून जायचंच. आणि नवं एक्सपी टाकल्यावर पडद्यावर पहिलं दर्शन कुणाचं? आपलंच. जुन्या सीडीवरचे, सगळी छिद्रं शाबूत असलेले आपण. ती बुजवायची तर विंडोज अपडेटच्या साइटवर जायचं, आणि ती साइट उघडायची फक्त आपल्यातूनच.

न्यायाचं बोलायचं, तर सगळंच आपल्या खात्यावर घालणार नाही. २००३ चा ब्लास्टर किडा आपल्या दारातून आला नव्हता. विंडोजच्या दुसऱ्याच दारातून आला. पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या ऑटोरनशीही आपला संबंध नाही. आणि पान पूर्ण न उघडता त्यातला एखादाच तुकडा ताजा करण्याची युक्ती १९९९ मध्ये आपणच आणलीत. आजचे नकाशे आणि ईमेल तिच्यावर चालतात. पण एवढी अक्कल असलेल्याने ऑगस्ट २००१ मध्ये सहावी आवृत्ती काढून सातवीसाठी ऑक्टोबर २००६ पर्यंत झोप काढावी? बाजाराचा नव्वद टक्क्यांहून मोठा हिस्सा ताब्यात आला आणि धावायचं कारण संपलं. दारं मोडकी, चोर रोजचे, आणि आपण पाच वर्षं घोरत.

आपण म्हणाल, तुम्हीच का चिकटून राहिलात? सांगतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आपापल्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप आणायची आपली स्वतःची पद्धत होती, ती दुसऱ्या ब्राउझरांत चालत नसे. तिथे अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसे. सरकारी साइटच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ असे. तिचा खरा अर्थ, दुसऱ्यात दिसणारच नाही. ई-टेंडर भरायचं, डिजिटल सहीचा डोंगल लावायचा, की ॲक्टिव्हएक्स चालू करा, सुरक्षेची पातळी खाली आणा, अशी पायरी-पायरीने सूचना. चोराला आत घ्यायचे धडे सरकारी पीडीएफमध्ये मिळत. दक्षिण कोरियात तर ऑनलाइन बँकिंगच ॲक्टिव्हएक्सवर उभं राहिलं, आणि त्यातून सुटायला त्या देशाची दोन दशकं गेली.

जून २००४ मध्ये एक हल्ला असा झाला, की भरवशाच्या साइटवर नुसतं गेलं तरी आपल्यातून किडा आत शिरे. तेव्हा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने उपायांच्या यादीत चक्क लिहिलं, की दुसरा ब्राउझर वापरून पाहा. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. लोकांनी आपल्याला उघडलं, फायरफॉक्स डाउनलोड केला, आणि आपल्याला मिटलं. २०१० च्या जानेवारीत गूगलसह अनेक कंपन्यांवरचा हल्ला आपल्याच छिद्रातून झाल्याचं कळलं, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना आपल्यापासून दूर राहायला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये डेन्व्हरला वैतागलेल्या वेब डिझायनरांनी आपल्या सहाव्या आवृत्तीची अंत्ययात्रा काढली. तिला फुलं पाठवली कुणी? मायक्रोसॉफ्टने. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका अभियंत्याने स्वतःचे ४,३०,००० वॉन खर्चून आपल्या नावाचा दगड बसवला. दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला आपण चांगलं साधन होतात, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. सत्तावीस वर्षांच्या सेवेचं इतकं नेमकं मूल्यमापन दुसरं झालेलं नाही.

पण माझा राग आपल्यावर तरी किती काळ राहणार? आपण शेवटी एक प्रोग्रॅम. ज्यांनी आपल्याला भिंतीत चिणलं ते हात वेगळे, आणि त्या हातांची सवय गेलेली नाही. ब्राउझर निवडण्याची खिडकी युरोपात दाखवू, अशी हमी त्यांनी २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिली. मे २०११ ते जुलै २०१२ ती खिडकी दीड कोटी लोकांना दिसलीच नाही. तांत्रिक चूक झाली म्हणे. २०१३ च्या मार्चमध्ये ५६.१ कोटी युरोचा दंड बसला. आज आपल्या गादीवर एज आहे. तो आपल्याहून कितीतरी सुरक्षित आहे, हे मान्य. पण युरोपातल्या नव्या डिजिटल बाजार कायद्याची बंधनं २०२४ मध्ये मालकांना लागू झाली, तेव्हापासून तिथल्या विंडोजवर एज सरळ काढून टाकता येतो. पुण्यात किंवा नागपुरात त्याच विंडोजवर ‘अनइन्स्टॉल’चं बटण दाबता येत नाही. युरोपातली विंडोजची इमारत एजविना धड उभी राहते, आमचीच कशी काय कोसळते? हा प्रश्न १९९७ च्या दीड मिनिटातच सुटला होता.

म्हणून माझा निवाडा एवढाच : ‘काढता येत नाही’ हे तंत्रज्ञानाचं वाक्य कधीच नव्हतं, ते मालकाच्या सोयीचं वाक्य होतं. कायद्याने दटावलं की तेच वाक्य एका अपडेटमध्ये बदलतं. आणि जे काढता येत नाही, त्याला सुधारायची घाई कुणालाच नसते. टूलबार, हायजॅकर आणि फॉरमॅटमध्ये गेलेले फोटो ही सगळी त्या एका वाक्याची वसुली होती, आणि ती वाक्य लिहिणाऱ्यांकडून झाली नाही, आमच्याकडून झाली.

जागा आता तरी पूर्ण सोडा. कळावे, लोभ कधीच नव्हता.

आपला,
फॉरमॅट मारून थकलेला एक विंडोजधारक

ता. क. (वाचकांसाठी) : साहेब गेले तरी पोटभाडेकरूंची जात गेलेली नाही, ती आता एक्स्टेन्शन म्हणून येते. आज आपल्या ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे ओळखीचं नाही ते काढा. ‘सूचना पाठवू का?’ यावर जिथे जिथे ‘अलाव’ दाबलंय त्या साइट तपासा. एजच्या सेटिंगमध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ आहे. एखाद्या जुन्या सरकारी साइटसाठी लागत नसेल तर बंद ठेवा. रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं खातं वापरा. किडा शिरलाच, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० ला फोन करा. फोटोंची एक प्रत मात्र संगणकाबाहेर ठेवाच.